अडीच मिलिमीटरचं अंतर

वेल्डिंग येणारी माणसं एक गोष्ट शेवटपर्यंत सांगत नाहीत. सुरुवात आंधळेपणानेच करायची असते. दहा नंबरची काळी काच डोळ्यांपुढे आली की भर दुपारी अमावास्या. लोखंडी पट्टी दिसत नाही, वितळून जोड भरणारा रॉड दिसत नाही, स्वतःचा हातही दिसत नाही. ठिणगी पडली तरच उजेड, आणि ती पडायला हवी नेमकी जोडावर. आधी नेम, मग नजर.

कुंड्यांचा स्टँड करायचा होता, एवढंच. गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडे दिला असता तर संध्याकाळी घरी आला असता, हे बायको अजूनही सांगते. पण वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन आलं होतं, लहानसं, खांद्याला अडकवण्याजोगं. सासरे, म्हणजे आप्पा, भोसरीच्या एमआयडीसीत फिटर होते. ते खुर्ची टाकून बसले.

"जावईबापू, अडीचचा रॉड आहे, ऐंशी अँपिअरवर ठेवा. आणि रॉड जेवढा जाड, तेवढंच अंतर राखा."

म्हणजे अडीच मिलिमीटर. त्याहून जवळ गेलं की रॉड चिकटतो, लांब गेलं की आर्क, म्हणजे रॉड आणि पट्टीमधली पेटती ठिणगी, तुटतो. त्यात रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात पुढे सरकवायचा आणि त्याच वेळी खालीही उतरवायचा, श्वास न सोडता. साडेतीनशे मिलिमीटर लांबीच्या रॉडचं दुसरं टोक चिमट्यात असतं. माझा हात हलला की तिकडचं टोक नाचून येतं.

चिकटलेला रॉड ओढला तर पट्टीही सोबत येते. होल्डरची चाप दाबून सोडवेपर्यंत तो लाल होतो, वरचं फ्लक्सचं कवच गळून पडतं, आणि वर मिक्सर चालू असेल तर घरातल्या सोळा अँपिअरच्या एमसीबीचा खटकाही पडतो. मग जिन्यावरून आईचा आवाज: "झालं का रे?" चटणी अर्धीच वाटलेली.

रॉडच्या पाकिटावर ६०१३ छापलंय. आप्पांनी उकल केली: साठ म्हणजे दर चौरस इंचाला साठ हजार पाउंडांचा ताण सोसणारं वेल्ड, आणि पुढचा एक म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही स्थितीत चालणारा. उकिडवं बसून पायाला मुंग्या आलेली स्थिती त्यात धरलेली नसावी.

जाड पट्टीवर जरा बरं जमू लागलं म्हणून अठरा गेजच्या चौकोनी पाइपवर गेलो. सव्वा मिलिमीटरही जाडी नाही. जरा रेंगाळलं की भोक. भोक बुजवायला गेलं की मोठं भोक.

"जावईबापू," आप्पा शांतपणे म्हणाले, "जोडायचं होतं ना?"

(शेजारची मुलं मात्र आधीच हाकलली होती. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्रास लगेच होत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. इथे विनोद नाही.)

शेवटी आप्पांनी रॉड हातात घेऊन निरखला आणि दोष त्याच्यावर टाकला. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर ओल धरलीय, शंभर डिग्रीला तासभर शेकायला हवेत. मी ओव्हनकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

सध्या रॉड गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातलेत. उन्हाने काही शंभर डिग्री होत नाही, पण आई दुपारी वर जाऊन आली आणि विचारत होती, "हे उलटायचे असतात का रे?"