विमान जुनं होतं, पण पडलं ते त्यामुळे नव्हे

नेपाळच्या डोंगरात छोटं विमान पडलं की एक मजकूर हमखास फिरतो : ‘४३ वर्षांचं भंगार उडवत होते, इंजिन दगा देणारच. या उडत्या शवपेट्या बदला, अपघात थांबतील.’ रोख असतो २९ मे २०२२ च्या, तारा एअर या नेपाळी कंपनीच्या अपघाताकडे. पोखराहून जोमसोमला निघालेलं ‘ट्विन ऑटर’ जातीचं छोटं विमान मुस्तांग जिल्ह्यात सुमारे १४,५०० फुटांवर आदळलं. चार भारतीयांसह २२ जण गेले.

वय खरं आहे. विमान १९७९ चं होतं. पण त्याच कंपनीचं, त्याच मार्गावरचं दुसरं ट्विन ऑटर २४ फेब्रुवारी २०१६ रोजी असंच डोंगरावर आदळलं आणि २३ जण दगावले. ते विमान कारखान्यातून येऊन वर्षही झालं नव्हतं. हा अपघात सोयीस्करपणे विसरला तरच वरचा मजकूर टिकतो.

इंजिनाचं म्हणाल, तर दोन्ही चौकशांचा निष्कर्ष एकच : विमान ताब्यात होतं, उडत होतं, आणि तसंच डोंगरात शिरलं. ‘एअर पॉकेट’ने खाली ओढलं, हीसुद्धा एक लाडकी थिअरी. हवेत पोकळी नसते. डोंगरउतारावर खाली येणारे जोरदार झोत असतात, पण या दोन अपघातांचं मूळ ते नव्हे.

मूळ ढगात आहे. जोमसोमची ही उड्डाणं नजरेच्या भरवशावर होतात : दरी दिसतेय, कडे दिसतायत, तोवर पुढे जायचं. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही ८,००० मीटरच्या वर. ट्विन ऑटरची केबिन दाबनियंत्रित नसते, म्हणजे उंचावर आतली हवाही विरळ होते; त्यामुळे प्रवासी घेऊन शिखरांवरून जाणं हा पर्यायच नाही. खिंडीतून वाट काढावी लागते. त्यात काली गंडकी नदीच्या या खोऱ्यात दुपारकडे वारा इतका चढतो की उड्डाणं सकाळीच उरकावी लागतात. सकाळ ढगात गेली की घड्याळ आणि खोळंबलेले प्रवासी, दोन्ही बाजूंनी दडपण. २०२२ चं विमानही हवामानामुळे उशिरा, ९.५५ ला सुटलं. ढगात शिरल्यावर दरी दिसेनाशी होते; वळण जरा चुकलं तरी समोर कडा. २०१६ च्या अहवालात वैमानिकांनी पुन्हा पुन्हा ढगात जाण्याचा निर्णय घेतल्याची स्पष्ट नोंद आहे.

‘नवी यंत्रणा असती तर आधीच कळलं असतं.’ यंत्रणा होती की! डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारं उपकरण २०२२ च्या त्या ‘भंगारात’ बसवलेलं होतं आणि अहवालानुसार ते निष्क्रिय केलेलं होतं. अरुंद दरीत दोन्ही बाजूंना डोंगरच असल्यामुळे ते सारखं ओरडतं, म्हणून गप्प करण्याचा मोह होतो. स्वच्छ हवेत त्याने बिघडत नाही. ढगात मात्र तोच एक आवाज उपयोगाचा असतो. विमान नवं घेतलं म्हणून हे बटण दाबणारा हात बदलत नाही.

राहिली मागणी : विमानं बदला. बदलावीत, हरकत नाही. पण युरोपीय संघाने २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी घातली, ती विमानांची जन्मतारीख पाहून नव्हे. बोट सुरक्षेवरच्या सरकारी देखरेखीकडे होतं. त्या देखरेखीबद्दल व्हायरल मजकुरात एक ओळही नाही.