फ्रेजल व्हर्ब म्हणजे अडाण्यांचं इंग्रजी? मग राज्यघटनेचं काय करायचं?

काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकलाय, तो 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'वाला, आणि नेमका माझ्या आतेबहिणीने तो मनावर घेतलाय. ती नर्स आहे, सांगलीला ड्युटी करते आणि यूकेला जायचं म्हणून ओईटीचा, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा अभ्यास करतेय. मेसेज वाचून तिने वहीतली फ्रेजल व्हर्बची (क्रियापदाला अप, ऑफ, आफ्टर असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोड्यांची) पानं बाजूलाच ठेवून दिली, म्हणे हे वापरलं की मार्क जातात. एरवी असल्या मेसेजला मी उत्तर देत नाही, पण हे जरा अतीच झालं.

मेसेज थोडक्यात असा आहे. गिव्ह अप, पुट ऑफ, लुक आफ्टर वगैरे म्हणजे कमी शिकलेल्यांचं इंग्रजी, सुशिक्षित माणूस ते वापरत नाही. हे सगळं अमेरिकेने काढलेलं फॅड आहे. प्रत्येकाला एक 'प्रॉपर' शब्द असतो, तोच वापरावा. आणि शिकायचंच असेल तर सोप्पं आहे, अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली, मग 300 ची यादी 30 दिवसांत पाठ करा. शेवटी अर्थातच दहा जणांना पाठवा.

आता अडाणीपणाचं बघू. राज्यघटनेचं कलम 19 काढा, धंदा-व्यवसायाच्या हक्काचं वाक्य वाचा. इंग्रजीत असं आहे: 'टु प्रॅक्टिस एनी प्रोफेशन, ऑर टु कॅरी ऑन एनी ऑक्युपेशन, ट्रेड ऑर बिझनेस'. कॅरी ऑन! पुढे कलम 37, मार्गदर्शक तत्त्वांचं, त्यात 'द प्रिन्सिपल्स देअरइन लेड डाउन' असं लिहिलंय, म्हणजे ले डाउन आलंच. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब, कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स दोन्हीकडे शिकलेले, आणि संविधान सभेत एकेका शब्दावरून वाद झालेले. तिथे हे कुणाला खटकलं नाही, आणि आपल्याला ग्रुपवर कळलं की हे अडाण्यांचं आहे. कोर्टात कधी गेला असाल तर 'क्वॉश्ड अँड सेट असाइड' ऐकलंच असेल, खालच्या कोर्टाची ऑर्डर रद्द करताना हायकोर्ट हेच लिहितं. 'नो केस इज मेड आउट', म्हणजे केस उभीच राहत नाही, हे पण तिथलंच. आता हे सगळे जज आणि वकील कमी शिकलेले का?

यात थोडं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाज आहे. प्रबंधात किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात 'फाइंड आउट' ऐवजी 'डिस्कव्हर', 'पुट ऑफ' ऐवजी 'पोस्टपोन' जास्त शोभतं. पण तिथेसुद्धा प्रयोग 'कॅरीड आउट'च असतात, कुठलाही सायन्सचा पेपर उघडून बघा. सरसकट बंदी कुणीच घातलेली नाही. आणि आपण उगाच शेपट्या जोडतो हेही खरं, 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ'. ते चूकच आहे. पण त्यावर उपाय म्हणून सगळंच सोडून द्यायचं हे काही पटत नाही.

अमेरिकेचं फॅड हा मुद्दा एका ओळीत संपतो. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. 1755 साली अमेरिका नावाचा देश अजून झालाच नव्हता.

आता 'प्रॉपर शब्द वापरा' यावर येतो, कारण खरं नुकसान इथे आहे. समजा माझ्या बहिणीने तोंडातून एकही फ्रेजल व्हर्ब काढला नाही. ठीक आहे, 'व्हॉमिट' म्हणेल, 'टॉलरेट' म्हणेल, बिघडत काही नाही. पण समोरची आजी काय म्हणणार ते ही ठरवणार आहे का? ती आजी म्हणणार, 'आय कान्ट कीप एनिथिंग डाउन'. म्हणजे पोटात काही ठरत नाहीये, खाल्लं की उलटून पडतंय. 'आय ब्रॉट अप माय ब्रेकफास्ट' म्हणजे नाश्ता उलटून पडला, पण तेच ब्रिंग अप मुलं वाढवण्यालाही लागतं आणि मीटिंगमध्ये विषय काढण्यालाही. 'द पेन वोअर ऑफ बट इट्स कम बॅक' (दुखणं ओसरलं होतं, परत आलं), 'माय नी हॅज फ्लेअर्ड अप' (गुडघ्याने पुन्हा उचल खाल्ली), 'आय ब्लॅक्ड आउट इन द किचन' (स्वयंपाकघरात शुद्ध हरपली). ऑपरेशननंतर नातेवाईक विचारणार 'हॅज ही कम राउंड?', तर तो विचारतोय की शुद्धीवर आला का, आणि हिला वाटायचं कोणी भेटायला आलंय का विचारतोय. हे कुठल्याही 'प्रॉपर' शब्दाने टाळता येत नाही, कारण बोलणारा पेशंट आहे आणि त्याला दुखतंय.

सगळ्यात भीती वाटते ती पास आउटची. आपल्याकडे 'शी पास्ड आउट इन 2019' म्हणजे डिग्री घेऊन बाहेर पडली. तिकडे पेशंटच्या मुलीने फोनवर 'मम पास्ड आउट' म्हटलं तर आई बेशुद्ध पडलीये. आणि 'मम पास्ड अवे' म्हटलं तर गेली. एका शेपटीचा फरक. (खडकवासल्याला एनडीएत 'पासिंग आउट परेड' होते ती बरोबर आहे, तो लष्करातला जुना ब्रिटिश वापर, म्हणून आपण अगदीच चुकतो असं नाही. पण वॉर्डमध्ये हे स्पष्टीकरण देत बसायला वेळ नसतो.)

आणि परीक्षेचं म्हणाल तर ओईटीच्या स्पीकिंगमध्ये पेशंटशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी बोलायचे दोन रोल-प्ले असतात. त्यात समोरच्याला कळेल अशी भाषा वापरता की नाही हे बघतात. 'द इन्फ्लमेशन विल सबसाइड' बरोबरच आहे, पण घाबरलेल्या माणसाला 'द स्वेलिंग विल गो डाउन' पटकन कळतं. म्हणजे मेसेज सांगतोय त्याच्या बरोब्बर उलट.

अप म्हणजे वर याच्यावर जास्त काय बोलायचं. 'थ्रो अप'मध्ये खरंच पोटातलं वर येतं, तेवढं दिलं. 'गो डाउन'मध्ये सूज खाली उतरते, तेही दिलं. 'ईट अप', 'यूज अप'मध्ये मात्र अप म्हणजे संपवून टाकणं. मग 'गिव्ह अप स्मोकिंग'मध्ये सिगरेट वर देतात का? फॉर्म 'फिल इन' केला काय नि 'फिल आउट' केला काय, आत-बाहेर काही होत नाही, फॉर्म भरला जातो. आपल्याला हे नवीन वाटायचं कारणच नाही खरं तर. 'सांगून टाक' म्हणताना आपण काही टाकत नाही, 'तो भलतंच करून बसला'मधला माणूस उभाही असेल.

मेसेजमध्ये जे हवं होतं ते कुठेच नाही, ते म्हणजे शब्दांची जागा. पेशंटला गाउन घालायला सांगायचं तर 'पुट ऑन द गाउन' चालतं, 'पुट द गाउन ऑन' पण चालतं, पण गाउनच्या जागी 'इट' आला की 'पुट इट ऑन'च, 'पुट ऑन इट' नाही. 'टेक इट ऑफ', 'टर्न इट डाउन' तसंच. पण 'लुक आफ्टर हिम'मध्ये हिम मध्ये घुसवता येत नाही, 'लुक हिम आफ्टर' म्हटलं की संपलं. आपल्या लोकांची चूक इथे होते, क्लासमध्ये अर्थ पाठ करून घेतात आणि जागा कुणी सांगत नाही.

राहिली 300 ची यादी. ए टू झेड पाठ केली की 'ब्रेक डाउन, ब्रेक इन, ब्रेक आउट, ब्रेक अप' एकाखाली एक येतात आणि डोक्यात सगळ्यांचा काला होतो. बहिणीला मी म्हटलं, अगं यादी सोड, वॉर्डप्रमाणे पानं कर. एका पानावर दुखणं, एकावर शुद्ध-बेशुद्ध, एकावर खाणं-उलटी, एकावर कपडे आणि ड्रेसिंग, आणि प्रत्येकाचं पूर्ण वाक्य, पेशंटच्या तोंडचं. 'माय रॅश हॅज ब्रोकन आउट अगेन' पुरळाच्या पानावर जाईल, गाडीच्या 'ब्रेक डाउन'शी तिला सध्या काही देणंघेणं नाही. आणि काका, राग मानू नका, पण तो मेसेज ग्रुपवरून काढा, कारण धाकटी पण नर्सिंगला आहे आणि ती तुमचं लगेच ऐकते.