पाच हजारांची देणगी आणि एका माणसाची वेधशाळा

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आपल्या सीओईपीत, एकेकाळी देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती. हे सांगितलं की निम्मे पुणेकर ‘काहीतरीच काय!’ म्हणतात. पण होती. २० इंची आरशाची, डब्लिनच्या ग्रब या दुर्बीण बनवणाऱ्यांकडची. वेधशाळेचं नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा.

तख्तसिंहजी भावनगरचे. १८८२ मध्ये त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातल्या कावसजी दादाभाई नायगमवाला या तरुण पारशी व्याख्यात्याच्या कामासाठी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढेच घातले. वेधांसाठी मुंबईपेक्षा पुण्याची हवा बरी, म्हणून वेधशाळा पुण्यात आली आणि १८८८ मध्ये सुरू झाली.

आणि शोभेची नव्हती बरं का. मृगात एक तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग आहे. त्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून पाहिला की, एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमची, असं नॉर्मन लॉकियर ठामपणे सांगत होते. लॉकियर म्हणजे ‘नेचर’चे संपादक, बडं प्रस्थ. पण वर्णपटात त्या जागी येणारा मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेने विरत गेलेला असतो. नायगमवालांनी पुण्यातून पुन्हा पुन्हा पाहिलं, तर ही रेषा दोन्ही कडांनी लख्ख आणि रेखीव. १८९१ मध्ये त्यांनी तसं छापून टाकलं. ती ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ उजाडलं, पण मॅग्नेशियमचा दावा टिकत नाही हे पुण्याने आधीच दाखवलं होतं. माझ्या मते या शहराच्या विज्ञानातली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपण ती शाळेत कुणाला सांगत नाही.

पुढे २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण. नायगमवालांनी तळ ठोकला सोलापूरच्या वाटेवर जेऊरला. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन आले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची.

लिकची गोष्टही देणगीचीच. जेम्स लिक पियानो बनवायचा, नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या जमिनींत गब्बर झाला. दुर्बिणीसाठी त्याने ७ लाख डॉलर ठेवले. १८८७ मध्ये त्याचे अवशेष त्या दुर्बिणीच्या पायाखाली पुरले. (आता हलवा म्हणावं!) १८८८ मध्ये, म्हणजे आपल्याच वर्षी, ती वेधशाळा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ताब्यात गेली. ती आजही चालू आहे.

आपली मात्र नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि बंद झाली. सामान कोडाईकनालला गेलं. तिथेही दुर्बीण पुन्हा उभी राहायला १९५० चं दशक यावं लागलं.

‘५ हजार आणि ७ लाख, बरोबरी कशी होणार?’ असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. महाराजांनी दिलं त्यातून उपकरण उभं राहिलं, उत्तम चाललं. कमी पडलं ते पुढचं: नायगमवालांनंतर कोण, हा प्रश्न ना सरकारने सोडवला ना विद्यापीठाने. सहायक नेमून तयार करायला अख्खी २४ वर्षं हाताशी होती. आजही कॉलेजांना दुर्बिणी भेट मिळतात, फोटो निघतात, आणि हौशी मास्तरांची बदली झाली की किल्ली कुणाकडे आहे तेच कळत नाही. दुर्बीण देणाऱ्याने सोबत एका माणसाचा पगारही बांधून द्यावा. भले आरसा दोन इंच लहान घ्या.