दहापैकी आठ

दहावीला मला 78 टक्के पडले तेव्हा बाबांनी मार्कशीट उलटी करून पाहिली. उरलेले 22 मागच्या बाजूला असावेत, अशी त्यांना आशा असावी. "बाकीचे कुठे गेले?" एवढंच म्हणाले आणि चहा मागितला. गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी नेमका हाच प्रश्न पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला विचारला.

सुरुवात मुलापासून झाली. त्याला लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, घातला, दोन उन्हाळ्यांत तो कंटाळून बुद्धिबळाकडे वळला आणि बेसबॉल माझ्या गळ्यात पडला. लहानपणी बिग फन बबलगमबरोबर येणारी क्रिकेटची कार्डं मी दात किडेपर्यंत जमवली होती, त्यामुळे जंतू अंगात होताच. इथे त्याला फक्त हवा मानवली.

मला हवं होतं बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं रुकी कार्ड, म्हणजे नवखा असतानाचं कार्ड. अपर डेक कंपनीचं, 1989, मालिकेत नंबर 1. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, खांद्यावर बॅट, तोंडभर हसू, डोक्यावर सिअ‍ॅटल मरिनर्स या मोठ्या संघाची टोपी. आता ही टोपी खोटी. फोटो काढला तेव्हा तो सॅन बर्नार्डिनोच्या छोट्या संघात होता. कंपनीने टोपी रंगवून मरिनर्सची केली. लग्नाला न आलेल्या काकांना आपला स्टुडिओवाला ग्रुप फोटोत चिकटवायचा, त्यातलाच प्रकार. पण पोराने टोपीची लाज राखली. 630 होमरन (आपले षटकारच म्हणा) मारले आणि 2016 साली हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, 440पैकी 437 मतं घेतली. उरलेल्या तिघांना भेटायची माझी फार इच्छा आहे. आमच्या शाळेत पेपर तपासायला तेच येत असणार.

गंमत म्हणजे हे कार्ड दुर्मीळ अजिबात नाही. त्या काळात कार्डं ढिगाने छापली गेली. दुर्मीळ आहे ते निर्दोष कार्ड. छपाईच्या मोठ्या तावावर नंबर एकची जागा कोपऱ्यात होती, त्यामुळे कापताना, उचलताना, रचताना पहिला धक्का त्यालाच. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्याचं जे होतं तेच.

शेवटी एका रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या कार्ड शोमध्ये ते दिसलं. विक्रेत्याने नव्वद डॉलर सांगितले. मी तुळशीबागेतल्या सवयीने चाळीस म्हणालो आणि निघाल्यासारखं केलं. तुळशीबागेत अशा वेळी मागून हाक येते. इथे आली नाही. पार पार्किंगपर्यंत जाऊन, काहीतरी विसरल्यासारखा चेहरा करून परत यावं लागलं. मग बाबांचं पंचांग वाचायचं भिंग काढलं आणि चारही कोपरे, कडा, पृष्ठभाग, चारी बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्या सारख्या आहेत का, सगळं तपासलं. बायकोला पाहायला गेलो तेव्हा मी पोह्यांतून मान वर केली नव्हती. सौदा ऐंशीवर ठरला.

घरी बायकोने विचारलं, "एवढी छापली होती, तर जास्तीची फेकून का नाही दिली?"

"एकदा दिली होती," मी म्हणालो. टॉप्स या कार्ड कंपनीने 1952 सालची न खपलेली कार्डं 1960 मध्ये न्यू जर्सीजवळच्या समुद्रात नेऊन बुडवली, असं त्या कंपनीतले साय बर्गर सांगत. त्याच मालिकेतलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलरना गेलं. हे ऐकल्यापासून ती किनाऱ्यावर भेळ खाताना लाटांकडे वेगळ्या नजरेने बघते.

कार्ड ग्रेडिंगला पाठवलं, म्हणजे त्याची अवस्था तपासून दहापैकी मार्क देणाऱ्या कंपनीकडे. पातळ पाकीट, त्यावर जाड पाकीट, पुठ्ठा, बबल रॅप, विमा. मुलाला पहिल्यांदा एकट्याने पुण्याला पाठवलं तेव्हाही एवढी बांधाबांध केली नव्हती. मग निकालाची वाट. रोज वेबसाइट उघडायची, "प्रक्रिया सुरू आहे" वाचायचं, बंद करायची. दोन महिन्यांनी जाड प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद होऊन ते परत आलं. वर लेबल: 8.

"पास ना?" बायको म्हणाली. पास कसलं! फी आणि टपाल धरलं तर आठवालं तयार कार्डच बाजारात स्वस्त पडलं असतं. मी भिंग घेऊन तासभर ते दोन मार्क शोधले. एका कोपऱ्यावर पांढरट ठिपका सापडला. तो पोह्याचा होता, प्लॅस्टिकवर पडलेला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना कार्ड दाखवलं.

"किती मिळाले?"

"दहापैकी आठ."

मी पुढच्या वाक्यासाठी मान खाली घातली. पण त्यांनी दुसराच प्रश्न विचारला. "बसले किती होते?"

"एकाच कंपनीकडे लाखाच्या वर. दहा मिळालेले चार हजारांच्या आसपास."

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, स्क्रीनजवळ येऊन त्या हसऱ्या पोराकडे पाहिलं.

"मग चांगले आहेत की रे," म्हणाले. "पेपर अवघड असणार."