कॉमन सेन्स उपजत असतो?

'कॉमन सेन्स उपजतच असतो. ज्याला साधी गोष्ट कळत नाही, त्याच्याकडे तो नाहीच' असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली मानसशास्त्राच्या संशोधक एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला लावला. निम्मी गाणी तरी ऐकणारे ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल घुमत असते, समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. 'एवढंही कळत नाही?' म्हणताना नेमकं हेच होतं. आपल्याला उघड वाटणारं बरंचसं आपण कधीतरी कोणाचं तरी पाहून शिकलेलो असतो, आणि ते शिकणंच विसरून जातो. नवख्या माणसाला त्यावरून मूर्ख ठरवणं हा सरळसरळ अन्याय आहे. त्याला बहुतेकदा ती गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते.