‘पुण्यात बसून गळे काढणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोलापूरच्या मिलवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक सोलापूरकर’ या नावानं आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण ‘पुण्यात बसून सोलापूरवर गळे काढणं सोपं असतं’ हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

आधी तुमचं बरोबर आहे ते. चार हुतात्म्यांना १९३०मध्ये फाशी झाली, असं मी लिहिलं होतं. १९३० हे मार्शल लॉचं साल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ रोजी. दुरुस्ती केली आहे, आभार. पण त्यापुढे ‘एवढंही माहीत नाही?’ कशाला? हुतात्मा एक्स्प्रेसनं मी किती वेळा आलो-गेलो याचा हिशेब नाही. गाडीला ते नाव कुणावरून पडलं, हे मला शिकवायला नको.

आता पुण्याबद्दल. मी पुण्यात बसलेलो नाही, मला पुण्यात यावं लागलं. आजोबा सोलापूरच्या एका मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते, वडील तिथंच बदली कामगार म्हणून लागले. मिलचं नाव लिहीत नाही; तुम्ही त्यातूनही काहीतरी काढाल. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघायचं नाही. भोंगा झाला की आजी चूल पेटवायची आणि पुढच्या भोंग्याला आजोबा दारात. मिल बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. वडील कितीतरी दिवस गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे, थकलेल्या देण्याची काही बातमी लागते का बघायला. ती लागली नाही. मग भोसरीत वॉचमनची नोकरी मिळाली आणि आमचं बिऱ्हाड हललं.

गळा काढतात तो परक्याच्या मढ्यावर, चार लोकांनी बघावं म्हणून. हे मढं आमच्या घरचं आहे. मी कुठल्या गावात बसून रडावं, हे तुम्ही ठरवणार का?

म्हणूनच पाहुण्याला सोलापुरात काय दाखवावं, या लेखातल्या माझ्या यादीत १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल पहिली आहे. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचं तळं नंतर. याला तुम्ही ‘पडक्या भिंतींची सहल’ म्हटलंत. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर सोलापुरात रस्त्यावर कोण उतरलं? गिरणी कामगार. इंग्रजांचा अंमल काही दिवस शहरात उरलाच नव्हता, म्हणून तर मार्शल लॉ लावला. पाहुण्याला हुतात्म्यांचे पुतळे दाखवायचे आणि मिल वगळायची, हे मला जमणार नाही. किल्ला आणि तळं त्याला रिक्षावालाही दाखवतो.

राहता राहिले बाकीचे मुद्दे. यंत्रमाग अजून चालतात, पूर्वभागात पद्मशाली घरांतून दिवसभर मागांचा खडखडाट असतो, विडी वळणाऱ्या बायांबद्दल लेखात एक ओळ नाही, तेव्हा ‘एकेकाळचं औद्योगिक शहर’ म्हणणंच चूक, वगैरे. चालतात, माहीत आहे. हे लिहिताना मी सोलापुरी चादरच पांघरली आहे, आणि तिला भौगोलिक मानांकन असल्याचं लेखातही आहे. पण लेख मिलचा होता. विड्यांचा वेगळा लिहीन, नाहीतर तुम्ही लिहा.

चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला दोनच ओळी दिल्या, हीही तक्रार. मान्य, दोनच दिल्या. लेखाला कुठंतरी थांबावं लागतं.

आणि ‘लेखकानं शेवटचं सोलापूर कधी पाहिलं?’ हा प्रश्न. मागच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत उन्हात उभा होतो, टोपी विसरलो होतो. या जानेवारीतही येणार आहे. तुमचे माग दाखवायचे असतील तर दाखवा, मी येईन.

फक्त त्याआधी स्वतःच्या नावानं एक प्रतिक्रिया टाका. मी माझ्या नावानं लिहितो.