होम्स, आत्या आणि कुकरची शिट्टी

रहस्यकथेच्या नभोनाट्याला शांतता लागते आणि आधीच निकाल न देणारे श्रोते लागतात. जुलैतल्या देवगडात दोन्ही नाहीत.

बीबीसीने 1989 ते 1998 या काळात शेरलॉक होम्सच्या साठच्या साठ कथा-कादंबऱ्या रेडिओवर आणल्या. क्लाइव्ह मेरिसन होम्स, मायकेल विल्यम्स वॉटसन. सगळा खेळ आवाजाचा. आमच्याकडे त्यावर कौलांवरचा पाऊस, पागोळ्या आणि विहिरीकडच्या बेडकांची बैठक. पावलं लंडनच्या जिन्यावरची की शेजारच्या अण्णांची, हे कळेपर्यंत अण्णांच्या हातात चहा असतो.

परवा लाइट गेल्यावर मोबाइलवर त्यातलीच ‘स्पेकल्ड बँड’ ही गोष्ट लावली. आत्याला आणि अण्णांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी थांबवून थांबवून सांगत होतो. सरे परगण्यातला जुना वाडा. कलकत्त्याहून परतलेला डॉक्टर रॉयलॉट, सावत्र बाप. आवारात चित्ता मोकळा. जुळ्या मुलींतली एक लग्न ठरल्यावर अचानक मेली, आता दुसरीचं ठरलंय.

“पैसे कोणाचे?” आत्याने विचारलं.

आईचे, मुलींची लग्नं झाली की वाटा द्यावा लागणार, एवढं सांगितलं. आत्याच्या वाती वळायच्या थांबल्यासुद्धा नाहीत.

“बापूसच तो. आनी कोण आसतलो?”

होम्सही पुढे जाऊन मृत्युपत्रच तपासतो. पण त्याने आंब्याच्या सामाईक कलमांच्या वाटणीचे दावे कुठे बघितलेत?

मग ती प्रसिद्ध शिट्टी. रात्री खोलीत बारीकशी ऐकू येते, सगळं रहस्य तिच्यात. मी श्वास रोखला आणि आमच्या स्वयंपाकघरातून शिट्टी झाली.

“किती झाले गो?” आत्या ओरडली.

“दोन!” आतून काकी.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. तिसरी झाली.

शेवटी साप निघाला. झरोक्यातून येतो, दोरीवरून बिछान्यावर उतरतो, शिट्टी झाली की परत. बक्षीस म्हणून दूध. इथे अण्णा उसळले.

“सापाक शिट्टी आयकाक येता? आनी तो दूध पिता? कोणी सांगल्यान ह्येका?”

प्राणिशास्त्र अण्णांच्या बाजूने आहे. सापाला बाहेरचे कान नसतात, तो मुख्यतः कंपनं टिपतो, आणि दूध त्याचं अन्नच नव्हे. (नागपंचमीला मातीच्या नागापुढे दुधाची वाटी अण्णाच ठेवतात, पण तो मुद्दा मी काढला नाही.) कॉनन डॉयलने 1892 मध्ये ज्याला भारतातला सर्वांत जहरी दलदली साप म्हटलं, तसा साप भारतात नाहीच. आमच्याकडे फुरसं आहे. ते दोरी, शिट्टी, दूध यांपैकी काहीही न मागता काम करतं.

डॉक्टर स्वतःच्याच सापाने मेला. मुलीला सकाळच्या गाडीने हॅरोला मावशीकडे पोचवली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

“मावशीकडे?” आत्याने वात खाली ठेवली. “आनी घर उघडा टाकून? आता चुलते घुसतले थंय!”